इंडिकेटर लावला की पेट्रोलचं प्रेशर पडायचं

माझी जुनी एस्टीम केळघरच्या घाटात चढाला गचके खायला लागली, म्हणून हौसेनं फ्युएल प्रेशरचं मीटर मागवलं आणि साताऱ्यातल्याच एका गॅरेजवाल्याकडून बसवून घेतलं. गचके नंतर नवे प्लग घातल्यावर गेले. मीटर राहिलं, आणि त्यानं मला सोळा हजारांना बुडवलं.

काटा पहिल्या दिवसापासून थरथरत होता. कधी ३५ पीएसआय, कधी ५०, मध्येच धाडकन २०. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून ॲक्सिलेटर ओढला, काटा ३५ वरून ४३ वर चढला. "बघा साहेब, प्रेशर धरतच नाही. रेग्युलेटर, म्हणजे दाब राखणारा भाग, गेलाय, पंपही जातोय. हायवेला रात्री बंद पडली तर मला बोलू नका." मागच्या सीटवर लेकरं घेऊन फिरणाऱ्याला हे शेवटचं वाक्य बरोब्बर लागतं. रेग्युलेटर ४,२००, पंप मजुरीसकट ९,८००, इंजेक्टर सफाई २,०००. पैसे रोख, पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. जुना पंप मागितला तर म्हणे भंगारात गेला.

काटा नाचायचा तो नाचतच राहिला. आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बघावा लागेल, असं सुरू झालं.

एका रात्री पोवई नाक्यावर वळताना लक्षात आलं की काटा इंडिकेटरच्या टिकटिकीवर ताल धरतोय. हेडलाइट लावले की आणखी खाली. आता पेट्रोलच्या दाबाला इंडिकेटरचं काय सोयरसुतक?

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं सेंडरच्या (पेट्रोलच्या लाइनवरचा, दाब मोजून मीटरला कळवणारा भाग) धातूच्या अंगाला लावलं. दिवे बंद असताना जवळजवळ शून्य यायला हवं ते येत नव्हतं, दिवे लावल्यावर तर अर्ध्या व्होल्टच्या वर. एका वायरच्या सेंडरला अर्थ (अर्थिंग, बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) मिळते ती त्याच्या आट्यांतून, आणि गॅरेजवाल्या बहाद्दरानं आट्यांवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळलेली. शिवाय डॅशमागे मीटरची अर्थ दिव्यांच्या वायरला पिळून दिलेली, म्हणून दिवे लागले की काटा हलायचा. काकांनी टेप काढली, गळती थांबवायला पेट्रोलला चालणारं सीलंट लावलं, सेंडरला आणि मीटरला वेगळी अर्थ ओढली. दीडशे रुपये.

मग पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून लाइनमधला दाब उतरवला आणि साधं काट्याचं टेस्टिंग मीटर जोडलं. (असलं मीटर बॉनेटखालीच बघायचं. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणणारेही महाभाग आहेत.) आयडलला ३५, स्थिर. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी उपसली की ४३, परत लावली की ३५. म्हणजे मला बिघाड म्हणून दाखवलेला तो चढउतार हेच या रेग्युलेटरचं काम! आयडलला मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम दाब खाली ओढतो, ॲक्सिलेटर दिला की व्हॅक्यूम कमी होतो आणि दाब ३ बारकडे, म्हणजे ४३ पीएसआयकडे, जातो.

तोवर मला वाटत होतं, माणूस अडाणी असेल, चुकला असेल. काकांनी गाडी लिफ्टवर घेतली. या गाडीत टाकी उतरवल्याशिवाय पंप निघत नाही. टाकीच्या चारही बोल्टवर जुना गंज आणि चिखलाचा थर जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही. नवा पंप मग कुठून आत गेला?

बोल्टचे फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्यानं फोटो पाहिले, पोऱ्याला चहा सांगितला आणि म्हणाला, "आमच्याकडं काम झाल्यावर चिखल लागला असेल." मी बिल मागितलं. "बिल कुठं घेतलं होतंत तुम्ही?" शेवटी भांडून ३,००० परत मिळाले, तेही दोन हप्त्यांत.

रेग्युलेटर खरंच बदललाय की नुसता पुसून बसवलाय, ते मी अजून उघडून पाहिलेलं नाही. हिंमत होत नाही.