उसाला नॅनो युरिया की गोणीचा युरिया? फवारणाऱ्याच्या छातीचाही विचार करा

वाळवा तालुक्यात आमचा दीड एकर आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायचा दीड वर्षाचा ऊस, नदीकाठची काळी मळी. दोन-तीन वर्षांमागं निम्म्या रानाला गोणीचा युरिया टाकला, निम्म्याला नॅनो युरियाची, म्हणजे पाण्यात मिसळून पानांवर फवारायच्या पातळ युरियाची, बाटली मारली, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी लिहितोय.

गोणीचे दोष आहेतच. ४५ किलोत जवळपास २१ किलो नत्र, त्यातलं बरंचसं पाटपाण्याबरोबर नायट्रेट होऊन खाली उतरतं, विहिरीचं पाणी खराब होतं, थोडं हवेत उडतं, आणि आमच्याकडं मोकाट पाणी पाजून आधीच कितीतरी रानं क्षारपड झाल्यात. बाटलीनं नत्राचं हे वाया जाणं वाचतं. पण मी आणलेली ४ टक्क्याची होती, ५०० मिलीत नत्र जेमतेम २० ग्रॅम, उसासारख्या खादाड पिकाला ते कसं पुरणार? माझा नॅनोचा पट्टा फिकाच दिसला, तरी एका रानावरून ठाम काय बोलणार.

माझं ठरलं ते फवारणीवरनं. दुसऱ्या फवारणीला ऊस छातीला लागलेला, दोन्ही बाजूची पानं एकमेकांत शिरलेली, पाठीवर पंप घेऊन धाकटा भाऊ सरीत शिरला. नोझल वर धरावं तर तुषार वाऱ्यानं तोंडावर, खाली धरावं तर पानाला लागत नाही. तोंडाला टॉवेल बांधलेला, दोन पंपांत तो ओला होऊन नाकाला चिकटला, मग त्यानं काढूनच टाकला. पुढं तीन दिवस खोकत होता. आता खोकला नॅनोमुळंच आला असं मी म्हणणार नाही, कुठल्याही फवाऱ्यानं घसा धरतो, आणि युरिया काय पाण्यात विरघळणाराच. पण बाटलीतले कण २० ते ५० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असतात म्हणतात, आणि युरोपात नॅनो झिंक ऑक्साइड सनस्क्रीनच्या क्रीममध्ये चालतं पण श्वासातून छातीत जाईल अशा फवाऱ्यात चालत नाही, म्हणजे वस्तू तीच, आत जायची वाट बदलली की हिशोब बदलतो. आपल्याकडं नॅनो खतांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं २०२० ला आली, पण सरीत मारणाऱ्याच्या नाकापर्यंत ती कुठं पोचतात?

गोणीचा युरिया मी आता तीन-चार हप्त्यांत, मातीआड करून देतो, पाणी हलकं सोडतो. भाजीपाल्यासारख्या बुटक्या पिकाला बाटली घ्यायचीच असेल तर घ्या, फक्त वारं पडल्यावर मारा आणि टॉवेलऐवजी एन-९५ मास्क आणून द्या, मारणारा घरचा असो की रोजानं आलेला.