राजारामपुरीतील अभ्यासवर्ग : आंतरराष्ट्रीय करारसंस्थेची घटना कशी लिहावी

राजारामपुरीत नुकत्याच झालेल्या या अभ्यासवर्गात करारसंस्थेची, म्हणजे देशांनी आपसांत करार करून स्थापलेल्या संस्थेची, घटना लिहायला शिकवले. वर्गात विधी शाखेचे विद्यार्थी आणि प्राध्यापकांबरोबर सहकारी संस्थांचे काही सचिवही होते. पोटनियम आणि गणपूर्ती यांच्याशी रोजचा संबंध असल्यामुळे सर्वांत नेमके प्रश्न या सचिवांनीच विचारले.

मतदानाच्या नियमांवरील सत्र अत्यंत उत्तम झाले. रासायनिक शस्त्रबंदी संघटनेच्या कार्यकारी परिषदेत ४१ सदस्य असतात. एका देशाने दुसऱ्यावर संशय घेऊन तपासणीची मागणी केली, तर ती रोखण्यासाठी १२ तासांच्या आत तीन-चतुर्थांश, म्हणजे किमान ३१ मते विरोधात पडावी लागतात. मते जमवण्याचा भार तपासणी मागणाऱ्यावर नसून ती अडवू पाहणाऱ्यावर आहे, हे मार्गदर्शकांनी तेच कलम दोन्ही प्रकारे फळ्यावर लिहून दाखवले, आणि केवळ एका नकाराची जागा बदलल्याने सगळी सत्ता कशी फिरते, ते सर्वांच्या लक्षात आले.

जागतिक व्यापार संघटनेचे उदाहरण तितक्याच बारकाईने घेतले. गॅटच्या, म्हणजे या संघटनेआधीच्या व्यापार कराराच्या, काळात तंट्यात हरलेला देश निकालाचा अहवाल अडवू शकत असे. १९९५ पासून सर्वांनी एकमताने फेटाळला तरच अहवाल बाद होतो. मात्र अपील मंडळावरील नेमणुकांना सर्वसहमतीची अट कायम राहिली, अमेरिकेने नेमणुका रोखून धरल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये सात जागांच्या त्या मंडळात एका सुनावणीला लागणारे तीन सदस्यही उरले नाहीत. माझ्या मते घटना लिहिणाऱ्याने निर्णयाच्या कलमाइतकीच काळजी नेमणुकीच्या कलमाची घ्यायला हवी, आणि वर्गाने हे ठसवले, याचे मला फार मोल वाटते.

निधीचे सत्र मात्र घाईत उरकले. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या मॉन्ट्रियल कराराच्या बहुपक्षीय निधीच्या समितीत विकसनशील आणि विकसित गटांचे प्रत्येकी ७ सदस्य असतात, आणि एकमत न झाल्यास दोन-तृतीयांश मतांबरोबर दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमतही लागते, एवढे सांगून विषय संपवला. वर्गणी थकवणाऱ्या देशाच्या मताधिकाराचे काय करावे, हा एका सचिवांचा प्रश्न अनुत्तरित राहिला. टिपणेही केवळ इंग्रजीत होती.

विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा वर्ग अवश्य करावा. आयोजकांनी पुढच्या वेळी निधीसाठी पूर्ण दुपार राखून ठेवावी आणि करारातून बाहेर पडण्याच्या कलमाचा मसुदाही सहभागींकडून लिहून घ्यावा.