चालू व्हीएम हलवणं: वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात प्रॉक्समॉक्सचे ९ महिने

निकाल आधीच सांगून टाकतो. ऑक्टोबरपासून आजवर चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर शंभरेक वेळा तरी हलवले असतील. बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) खिडकीवर ते कळलं असं एकदाच झालं, आणि त्यात चूक माझी होती.

आमचं ऑफिस नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर. दिवसा बुकिंग, संध्याकाळपासून लोडिंग, आणि रात्री अकरा ते तीनमध्ये गाड्या सुटतात. बिल्टी छापून हातात आल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. म्हणजे "रात्री सगळे झोपले की सर्व्हर अपडेट करू" हा आयटीवाल्यांचा नेहमीचा हिशेब आमच्याकडे चालतच नाही. आधी मी रविवारी पहाटे चारला मानेवाड्याहून बाईकने यायचो. डिसेंबरातली नागपूरची थंडी ज्याने बाईकवर खाल्ली आहे त्याला जास्त सांगायला नको.

सामान साधं आहे: तीन सेकंडहँड सर्व्हर, प्रत्येकी १२८ जीबी रॅम, एक नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना डिस्क पुरवणारा डबा) आणि ११ व्हीएम. सगळ्या डिस्क नॅसवर आहेत, त्यामुळे व्हीएम हलवताना डिस्क जागची हलत नाही, फक्त रॅममधला डेटा जातो. डिस्क लोकल असली तरी प्रॉक्समॉक्स ती चालू व्हीएमसकट हलवतो, पण तेव्हा वेळ डिस्कच्या आकारावर जातो. लायसन्सचा खर्च नाही. सपोर्ट हवा असेल तर सीपीयू सॉकेटमागे वार्षिक सबस्क्रिप्शन आहे.

आत काय होतं ते शेठजींना मी त्यांच्याच धंद्यातून समजावलं. समजा घाटात गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत चढवायचा आहे, आणि इकडे बिघडलेल्या गाडीतली पोती कुणीतरी सारखी बदलतंय. पहिल्या फेरीत सगळी पोती नेली. तेवढ्या वेळात जी बदलली, ती दुसऱ्या फेरीत पुन्हा नेली. मग तिसरी फेरी. प्रत्येक फेरीत पोती कमी होत जातात. शेवटी मूठभर उरली की सगळ्यांचे हात क्षणभर थांबवायचे, उरलेली उचलायची आणि नवी गाडी सुरू. तो क्षण म्हणजे डाउनटाइम. प्रॉक्समॉक्स आधी १०० मिलिसेकंदांचं लक्ष्य धरतो. ही युक्ती काही नवी नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २००५ मध्ये क्वेक ३ चा गेम सर्व्हर, खेळणारे खेळत असताना, ६० मिलिसेकंदांच्या थांब्यात हलवून दाखवला होता.

शेठजी म्हणाले, "अन् पोती बदलणारा हमालापेक्षा फास्ट असला तं?"

नेमकं तिथेच घोडं अडतं. आमची नेटवर्क लाइन १ गिगाबिटची होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११० एमबी. १६ जीबीचं व्हीएम अडीच-तीन मिनिटांत जायचं. पण ३२ जीबीचं डेटाबेसचं व्हीएम महिनाअखेरीला, हिशेबवाले तुटून पडलेले असताना हलवायला घेतलं, की फेऱ्या संपायच्याच नाहीत. मग लॉगमध्ये दिसायचं की डाउनटाइमची मर्यादा आपोआप वाढवली: २०० मिलिसेकंद, मग ४००, मग ८००, अशी दुपटीने पुढे. स्क्रीन दोन-तीन सेकंद गोठायची आणि पुन्हा चालू. कनेक्शन तुटत नाही, पण माउस आपटणारे आपटतातच.

सुरुवातीच्या अडचणी बहुतेक माझ्याच आळसाच्या होत्या. विंडोज टाकताना जोडलेली आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) काढायची राहिली, की व्हीएम जागचं हलायलाच नकार देतं, कारण ती फाइल त्या एकाच सर्व्हरवर असते. सीपीयूचं जरा जास्त महागात पडलं. दोन सर्व्हर जुन्या झिऑनचे, तिसरा नवा. चांगला वेग मिळावा म्हणून मी सगळीकडे सीपीयू टाइप 'होस्ट' ठेवला होता, म्हणजे व्हीएमला खालचा खरा प्रोसेसर जसाच्या तसा दिसतो. जुन्यावरून नव्यावर बिनबोभाट गेलं. नव्यावर सुरू केलेलं एक टेस्टचं व्हीएम जुन्यावर आणलं आणि ते तिथे पोचताच आडवं झालं. नव्या प्रोसेसरच्या ज्या सूचना ते वापरत होतं, त्या जुन्याला ठाऊकच नव्हत्या. आता सगळ्यांना जुन्या-नव्या दोन्ही प्रोसेसरांना झेपेल असा 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' टाइप दिलाय. तो बदलायला मात्र प्रत्येक व्हीएम एकदा पूर्ण बंद करावं लागलं, म्हणजे पुन्हा रविवार, पुन्हा पहाट. एलएक्ससी कंटेनर (व्हीएमपेक्षा हलका पर्याय) असतील तर तेही लक्षात ठेवा: ते बंद होऊन पलीकडे पुन्हा सुरू होतात, चालू स्थितीत जात नाहीत.

आता तो प्रसंग. जानेवारी, रात्रीचे साडेअकरा. तिन्ही सर्व्हर एकमेकांशी "मी आहे, तू आहेस का" असं कोरोसिंकमधून सारखं बोलत असतात. ते बोलणं मी त्याच १ गिगाबिटच्या लाइनवर ठेवलं होतं, जिच्यावरून मायग्रेशन, म्हणजे व्हीएमची हलवाहलव, चालायचं. मोठं डेटाबेस व्हीएम ढकललं, लाइन गच्च भरली, आणि पहिल्या सर्व्हरला बाकी दोघांचा आवाजच येईना. त्याच्यावर हाय अव्हेलेबिलिटी (सर्व्हर पडला तर त्याची व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी सोय) चालू होती. आपण एकटे पडलो असं वाटून त्याने मिनिटभर वाट पाहिली आणि नियमाप्रमाणे स्वतःलाच रीसेट मारलं. बिल्टीचं व्हीएम त्याच्यावरच होतं. दोन-तीन मिनिटांनी ते दुसऱ्या सर्व्हरवर नव्याने उठलं, पण तोवर काउंटरवर ड्रायव्हरांची गर्दी आणि माझ्या फोनवर शेठजी. "तू तं म्हणे बंद पडत नाही?" सर्व्हर अचानक मेला तर हलवायला रॅमच उरत नाही, तेव्हा व्हीएम नव्यानेच सुरू होतं, हे मी त्या वेळी समजावत बसलो नाही.

त्याच आठवड्यात कोरोसिंकला वेगळी केबल आणि छोटा स्विच दिला. मग जुनी १० गिगाबिटची दोन-पोर्टी कार्डं घेतली आणि तिन्ही सर्व्हर एकमेकांना थेट जोडले, मध्ये स्विच नाही. मायग्रेशनसाठी तेच नेटवर्क ठरवून दिलं. १६ जीबी आता अर्ध्या मिनिटात जातं आणि महिनाअखेरीचं रडगाणं थांबलं. हे सुरुवातीलाच घ्यायला हवं होतं. रॅमवर घातलेले पैसे इथे घातले असते तर जानेवारी टळला असता.

पैसे खरे वसूल झाले ते नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हात. दुपारी अडीचला सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. आत शिरलो तर पंखे किंचाळत होते आणि थर्मामीटर ४१ वर. मेकॅनिक संध्याकाळशिवाय येणार नव्हता. शेठजी डोकावून म्हणाले, "काहून एवढा घाबरून राहिला बे? कूलर लावून दे ना." कूलर ओली हवा फेकतो, ती मशीनच्या अंगावर नको, असं सांगितलं तर म्हणाले, "आम्हाले चालते, त्याले नाही चालत?"

तिसरा सर्व्हर नशिबाने पलीकडे हिशेबाच्या केबिनमध्ये आहे, तिथला एसी चालू होता. भिंतीतल्या भोकातून केबल गेलेलीच होती. पहिल्या दोन्हींवरची जवळजवळ सगळी व्हीएम पाच-सहा मिनिटांत तिकडे सरकवली, सगळ्यांत आधी बिल्टीचं. बाजूला पिंग (नेटवर्कवरून सारखं 'आहेस का' विचारणारा निरोप) लावून ठेवला होता, पूर्ण वेळात एकच चुकला. बिल्टीवाल्या ताई छापतच होत्या. मग पहिला सर्व्हर बंद केला. दुसराही केला असता, पण तिघांपैकी दोघे जागे नसतील तर क्लस्टर (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांचा गट) काहीच करू देत नाही, म्हणून त्याला मतदानापुरता जिवंत ठेवला. यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली) जोडलेलं, हलवता न येणारं एक व्हीएमही होतंच त्याच्यावर. नॅसही त्याच भट्टीत होता आणि त्याच्यासाठी माझ्याकडे दार उघडं टाकण्यापलीकडे उपाय नव्हता. सगळ्या डिस्क एकाच नॅसवर असण्याची ही खोट अजून तशीच आहे.

आता अपडेट मी दुपारी चारच्या चहाच्या वेळी करतो. एक सर्व्हर रिकामा करायचा, रीबूट मारायचा, व्हीएम परत आणायचे, पुढचा घ्यायचा. फक्त ते डोंगलवालं व्हीएम राहतं. हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल दुसऱ्या सर्व्हरच्या मागे लोंबतोय, आणि असं स्थानिक उपकरण जोडलेलं असलं की व्हीएम चालू स्थितीत हलत नाही. म्हणून महिन्यातला एक रविवार अजून माझा जातो. पण आता सकाळी आठला निघतो, वाटेत तर्री पोहे खाऊन.