किंग कौंटीत आपला माणूस अटकेत असेल, तर त्याचं नाव नेमकं कुठे शोधायचं?

रात्री अकराला मैत्रिणीचा फोन आला, तोवर तिने एका खासगी वेबसाइटवर तीस डॉलर भरून टाकले होते. तिच्या धाकट्या दिराला संध्याकाळी गाडी चालवताना पोलिसांनी थांबवलं, दारू प्यायल्याच्या संशयावरून अटक केली आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना. तिने घाबरून गूगलवर जेलमधल्या कैद्यांची यादी शोधली आणि जो दुवा सर्वांत वर दिसला तो उघडला. पैशांच्या बदल्यात तिला काही पानांचा अहवाल मिळाला. त्यात दिराच्या जुन्या अपार्टमेंटचे पत्ते होते, एक वेग मोडल्याचं तिकीट होतं, दोन चुकीचे फोन नंबर होते. तो आत्ता, या क्षणी कुठे आहे, एवढंच नव्हतं.

ही माहिती सरकारी साइटवर फुकट मिळते. पण अशी साइट एक नाही, पाच-सहा आहेत आणि प्रत्येकीत वेगळी माणसं सापडतात. सिएटल शहर वॉशिंग्टन राज्यातल्या किंग कौंटीत येतं (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग). या परिसरात आता आपली इतकी कुटुंबं राहतात की असा फोन कोणालाही येऊ शकतो. म्हणून कुठली साइट कधी उघडायची, हे किंग कौंटीपुरतं सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ सोडवू. ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ या दोन्हींना आपण मराठीत तुरुंगच म्हणतो. येरवड्यात कच्चे कैदी आणि पक्के कैदी एकाच आवारात असतात, त्यामुळे हा फरक आपल्या अंगवळणी पडलेला नसतो. इथे तो पक्का आहे. कौंटी जेलमध्ये मुख्यतः कच्चे कैदी असतात, सोबत वर्षभरापर्यंतची शिक्षा भोगणारे. त्याहून मोठी शिक्षा झाली की माणूस राज्याच्या प्रिझनमध्ये जातो आणि त्याचं नाव राज्याच्या सुधारगृह खात्याच्या वेगळ्या साइटवर दिसू लागतं. काल-परवा अटक झालेल्या माणसाला त्या साइटवर शोधणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

कौंटीची यादी, शहरांचा जेल आणि फोन

किंग कौंटीचे प्रौढांसाठी दोन जेल आहेत, एक सिएटलच्या मध्यवस्तीत आणि दुसरा केंटला. दोन्हींची शोधयादी एकच आहे. बहुतेक कौंट्यांत जेल शेरीफच्या, म्हणजे कौंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतो. इथे मात्र त्यासाठी स्वतंत्र खातं आहे, त्यामुळे शेरीफच्या पानावर शोधत बसू नका, कौंटीच्या साइटवर जेलचं पान उघडा. साइटच्या पत्त्याच्या शेवटी सरकारी साइटची खूण ‘डॉट गव्ह’ आहे ना, तेवढं बघा. नाव घातलं की आरोप, जामिनाची रक्कम आणि कोर्टाची माहिती मिळते. फोटो मिळत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार जेलची नोंदवही लोकांना खुली असते, बुकिंगच्या, म्हणजे जेलमध्ये नोंद करण्याच्या, वेळी काढलेले फोटो मात्र गोपनीय असतात. फ्लोरिडात राहणाऱ्या नातेवाइकांना हे खरं वाटत नाही, कारण तिकडे कित्येक कौंट्या चेहऱ्यासकट सगळं ऑनलाइन टाकतात.

किंग कौंटीत अटक झाली म्हणून माणूस किंग कौंटीच्या जेलमध्येच असेल असं नाही, आणि बहुतेक लोक इथेच अडतात. विमानतळाजवळ डे मॉइन शहरात ‘स्कोर’ नावाचा जेल आहे. ऑबर्न, रेंटन, टकविला अशा काही शहरांनी मिळून तो बांधला आणि २०११ साली सुरू केला. करार करून इतर शहरंही आपले कैदी तिथे पाठवतात. कर्कलँड आणि इसाक्वाला तर शहराचे स्वतःचे छोटे जेल आहेत. यातल्या कुठल्याच जेलचे कैदी कौंटीच्या यादीत दिसत नाहीत. स्कोरची शोधयादी वेगळी आहे, ती त्यांच्याच साइटवर मिळते. म्हणून ‘त्याचं नाव काय’ याच्याही आधी ‘त्याला पकडलं कोणी’ हे विचारा. कौंटीचे शेरीफ, राज्याची गस्तीची गाडी, की एखाद्या शहराचे पोलीस? सोबतच्या मित्राने गाडीवरचं नाव वाचलं असेल, तर निम्मा शोध तिथेच संपतो.

पहिल्या काही तासांत मात्र कोणतीच यादी उपयोगी पडत नाही. बुकिंग म्हणजे बोटांचे ठसे, फोटो, तब्येतीची चौकशी, सामानाची नोंद. हे सगळं उरकायला तास जातात आणि ते होईपर्यंत नाव चढत नाही. दारूच्या संशयात रक्ताच्या तपासणीसाठी आधी हॉस्पिटलमध्येही नेतात. कधी बुकिंग न करताच हातात कागद देऊन घरी सोडतात. त्यामुळे ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘जेलमध्ये नाही’ असा घेऊ नका आणि ‘काहीतरी भयंकर झालंय’ असाही घेऊ नका. या वेळात फोन सरस ठरतो. आधी ज्या पोलीस खात्याने पकडलं त्यांच्या साध्या नंबरवर फोन करा, ९११ वर नको, आणि कुठे नेलं ते विचारा. मग त्या जेलला फोन करा. पूर्ण नाव आणि जन्मतारीख तयार ठेवा. तुमचा फोन ते कैद्याला देत नाहीत, पण माणूस त्यांच्याकडे आहे की नाही हे सांगतात.

एकदा नाव चढलं की माझं मत यादीकडे झुकतं. फोनवर ऐकलेला बुकिंग क्रमांक रात्री दोन वाजता हमखास चुकीचा लिहिला जातो. यादीतला तसाच उचलून वकिलाला पाठवता येतो.

आपली नावं

यावर थोडं जास्त लिहिते, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत हे सापडणार नाही. आपल्या नावात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. कित्येकांच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात आहे, ते तसंच इथल्या लायसन्सवर उतरतं आणि तिथून जेलच्या संगणकात. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. मग अमेरिकेच्या कागदांवर सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरं बसतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं लायसन्स एका आडनावावर आणि पासपोर्ट दुसऱ्यावर असू शकतो.

शोधताना पहिल्यांदा फक्त आडनाव घाला. नाही सापडलं तर पहिलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल करा. तरी नाही तर वडिलांचं नाव आडनाव समजून घाला. मग स्पेलिंग: श्रीकांतमध्ये एस नंतर एच आहे की नाही, विद्या व्हीने की डब्ल्यूने, ज्ञानेश्वर डीने की जीने. अंदाज बांधू नका, लायसन्सचा फोटो मागवा आणि त्यावर जसं छापलंय तसंच टाइप करा. मैत्रिणीचा दीर शेवटी पावणेतीनला सापडला. जेल तर दुसरा निघालाच, शिवाय यादीत आडनावाच्या जागी होतं तिच्या सासऱ्यांचं नाव.

केंद्राचे दोन दरवाजे

एफबीआयसारख्या केंद्रीय यंत्रणेने पकडलं असेल तर माणूस बहुधा विमानतळाजवळच्या सीटॅक शहरातल्या केंद्रीय कोठडीत असतो. त्याचा शोध केंद्रीय तुरुंग खात्याच्या साइटवर घ्यायचा. तिथे १९८२ पासूनच्या नोंदी आहेत आणि नुसत्या नावावर शोधता येतं. आपल्यापैकी फार थोड्यांना याची गरज पडेल.

इमिग्रेशनची गोष्ट वेगळी. ‘आयसीई’ने, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणेने, ताब्यात घेतलेली माणसं कौंटीच्या कुठल्याही यादीत नसतात. आपल्या भागातली त्यांची मोठी कोठडी टॅकोमाला आहे, म्हणजे शेजारच्या पिअर्स कौंटीत, आणि ती खासगी कंपनी चालवते. आयसीईच्या शोधसाइटवर दोन मार्ग आहेत: ए-क्रमांक (इमिग्रेशन खातं परदेशी माणसाला देतं तो क्रमांक) आणि जन्मदेश, किंवा नाव आणि जन्मदेश. नावाचा मार्ग फार कठोर आहे. त्यांच्या नोंदीतल्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळलं तरच उत्तर येतं आणि आपल्या नावांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. म्हणून ए-क्रमांक जवळ असणं मोलाचं. ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर) असलेल्या मुलांच्या किंवा एच-फोरवाल्यांच्या (एच-वन व्हिसाधारकांच्या जोडीदारांच्या) वर्क परमिटच्या कार्डावर यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशन खात्याचा, क्रमांक छापलेला असतो, तोच ए-क्रमांक. तो नऊ आकडी हवा, कमी आकडे असतील तर पुढे शून्य लावा. घरातल्या ज्याला ज्याला हा क्रमांक मिळालाय, त्याचा तो आजच कुठेतरी लिहून ठेवा.

घरातला माणूसच आत असेल तेव्हा

हा भाग लिहिताना हात जड होतो, पण सोडून चालणार नाही. वॉशिंग्टन राज्यात घरात मारहाण झाल्याचं पोलिसांना सबळ वाटलं आणि ती गेल्या चार तासांतली असेल, तर अटक करणं त्यांना बंधनकारक आहे. बायको दारात उभी राहून ‘नेऊ नका’ म्हणाली तरी अटक होते. पुढे कोर्ट बहुतेक वेळा संपर्कबंदीचा हुकूम काढतं आणि मग नवरा जेलमधून घरी फोनही करू शकत नाही. नवीन देश, हाताशी लहान मूल, बँकेचा पासवर्ड नवऱ्याकडे, अशा अवस्थेतल्या बाईला तो कुठे आहे हे यादीतूनच कळतं.

तिच्यासाठी मी कौंटीच्या यादीपेक्षा ‘वाइन’ ही सेवा आधी सुचवेन. ती फुकट आहे आणि नाव नोंदवलेलं कैद्याला कळत नाही. कौंटीची यादी तुम्ही जाऊन बघायची असते. वाइन तुम्हाला स्वतःहून कळवते: तो सुटला, त्याला हलवलं, की लगेच फोन, मेसेज किंवा ईमेल. नोंदणी करताना चार आकडी पिन ठरवायचा असतो आणि फोन आल्यावर तो दाबेपर्यंत फोन पुन्हा पुन्हा येत राहतो. त्यामागे कारण आहे. केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये १९९३ च्या डिसेंबरात एका तरुणीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून झाला. खून करणारा जामिनावर सुटल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर वर्षभरात तिथे ही सेवा सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. फक्त मेसेज त्याच्याही हातात पडेल अशा सामाईक फोनवर घेऊ नका.

पैसे मागणाऱ्या साइट्स

माझं मत स्पष्ट आहे: एक डॉलरही भरू नका. त्यांच्याकडे सरकारी यादीहून ताजं काही नसतं, आणि माणूस आत्ता कुठे आहे हे तर बहुधा नसतंच. ट्रूथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या दोन साइट्सवर केंद्रीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये कारवाई केली. साध्या ट्रॅफिक तिकिटाला गुन्हेगारी नोंद असल्यासारखं दाखवून त्या लोकांना पैसे भरायला लावत होत्या, असा आयोगाचा आरोप होता. ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं. खोली भाड्याने देताना किंवा मूल सांभाळायला बाई ठेवताना कोणी अशी साइट सुचवली, तर तेही करू नका. भाडेकरू किंवा नोकरीसाठीच्या चौकशीला केंद्राचा वेगळा कायदा लागू होतो. ती त्या कायद्याखाली काम करणाऱ्या कंपनीकडूनच करायची असते, आणि नोकरीसाठी असेल तर समोरच्याची लेखी परवानगीही घ्यावी लागते. शिवाय जेलच्या यादीत नाव असणं म्हणजे फक्त अटक. दोष सिद्ध झालेला नसतो.

जामीन कंपनीवाले रात्री फोन उचलतात आणि माणूस पटकन शोधूनही देतात. पण त्यांची फी जामिनाच्या साधारण दहा टक्के असते आणि ती परत मिळत नाही. काही जण पहिल्या हजेरीत कोर्टाकडून विनाजामीन सुटतात. ती हजेरी साधारण पुढच्या कामाच्या दिवशी असते. रात्रीच सही करण्याआधी वकिलाला एक फोन करा.

सुटकेनंतर पुढचं सगळं कोर्टाच्या नोंदीत असतं. राज्याच्या न्यायालयांचा नावावरून शोध आहे, पण किंग कौंटीच्या सुपीरियर आणि डिस्ट्रिक्ट कोर्टांची स्वतःची पोर्टल्स आहेत, तीही बघावी लागतात. व्हिसावर असलेल्यांनी हे कागद जपून ठेवावेत आणि इमिग्रेशनच्या वकिलाला लगेच दाखवावेत. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

आता तिकडे कोल्हापूर-पुण्यात बसलेल्या आईवडिलांसाठी. काही अमेरिकन सरकारी साइट्स भारतातून उघडतच नाहीत, तेव्हा इथल्या कोणाला तरी बघायला सांगा. सिएटलला २०२३ पासून भारताचा वाणिज्य दूतावास आहे. व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क आहे, पण भारतीयांच्या बाबतीत पोलीस ते आपणहून करायला बांधील नाहीत. त्याने मागायला हवं. तुम्ही स्वतः दूतावासाला कळवलंत तरी चालतं, त्यासाठी पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि जेलचं नाव लागेल. आणि मुलाचा जेलमधून कधी फोन आलाच, तर काय झालं, किती प्यायला होतास, हे विचारू नका. ते फोन रेकॉर्ड होतात. जेवलास का, औषधं मिळाली का, वकिलाचं नाव काय, इतकंच विचारा.