कारखान्याकडे दुरुस्तीला बंदूक पाठवताना: अमेरिकी टपालाच्या रजिस्टर्ड मेलचा अनुभव

ओहायोमध्ये मी गेली काही वर्षे हौस म्हणून ट्रॅप नेमबाजी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरण्याचा खेळ) करतो. गेल्या हंगामात माझ्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीची खालची नळी चालेनाशी झाली. चाप ओढला की नुसता टक् असा आवाज येई आणि काडतूस काढून पाहिले तर त्याच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, फायरिंग पिनचा जेमतेम ओरखडा उमटलेला असे. क्लबातल्या जाणकाराने स्प्रिंग बदलून पाहिली, पण गुण आला नाही, तेव्हा बंदूक कारखान्यालाच दाखवावी असे ठरले. कारखाना दुसऱ्या राज्यात, वॉरंटी कधीच संपलेली, म्हणजे पाठवण्याची सोय आणि खर्च दोन्ही माझ्याकडे. दुरुस्तीपेक्षा ही पाठवणीच मला अधिक शिकवून गेली, म्हणून हा अभिप्राय प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

आधी कायद्याचे पाहू, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. परराज्यात बंदूक पाठवायची म्हणजे ती एका परवानाधारक विक्रेत्याकडून दुसऱ्याकडेच गेली पाहिजे, असे मलाही वाटत होते. खरेदी-विक्रीत परराज्यातली बंदूक परवानाधारकाकडेच पोहोचली पाहिजे, एवढे त्यात बरोबर आहे. परंतु १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने दुरुस्तीसाठी स्वतंत्र वाट ठेवली आहे. बंदूक बाळगण्यास पात्र असलेला सामान्य माणूस ती थेट परवानाधारक उत्पादकाकडे पाठवू शकतो, आणि उत्पादक ती दुरुस्त करून, किंवा तिच्या जागी त्याच प्रकारची दुसरी, त्याच माणसाच्या पत्त्यावर परत पाठवू शकतो. काही राज्यांचे कायदे याहून कडक आहेत, ते आपापले पाहून घ्यावेत. आपल्या मंडळींसाठी एक सूचना इथेच करतो: एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना, काही ठरावीक अपवाद वगळता, संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, त्यामुळे पुढचा सारा मजकूर ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांच्यापुरताच समजावा. शिवाय तो लांब नळीच्या बंदुकीपुरता आहे. पिस्तुलांच्या टपालावर १९२७ च्या कायद्याने वेगळेच निर्बंध घातले, आणि पिस्तूल असेल तर कारखान्याने पाठवलेले लेबल किंवा जवळचा परवानाधारक विक्रेता यांखेरीज दुसरीकडे कुठे जाऊच नये असे माझे मत आहे.

वाहतूकदार निवडताना पहिला फोन कारखान्याच्या सेवा विभागालाच करावा. वॉरंटीतील कामासाठी अनेक उत्पादक आपल्या खात्यावरचे छापील लेबल पाठवतात आणि मग निवडीचा प्रश्नच उरत नाही. माझ्या बाबतीत ते झाले नाही, म्हणून मी जुन्या माहितीच्या भरवशावर एका खाजगी कुरिअरच्या दुकानात खोके घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने ते वजनकाट्यावर ठेवले, आत काय आहे असे विचारले, आणि ‘शॉटगन’ हा शब्द ऐकताच दोन्ही हातांनी हलकेच माझ्याकडे सरकवले. त्याचे काही चुकले नव्हते. यूपीएस आणि फेडएक्स या दोन्ही मोठ्या कंपन्या आता बंदुकीचे पार्सल परवानाधारकाकडूनच आणि तेही त्याच्याशी आधी करार झालेला असेल तरच घेतात. सामान्य ग्राहकाला काउंटरवरून बंदूक पाठवता येत असे, ते दिवस गेले. गावातल्या विक्रेत्याने पाठवण्याची तयारी दाखवली, पण त्याची फी, भाडे आणि विमा यांची बेरीज ऐकून मी त्याचे आभार मानले आणि टपाल कचेरीची वाट धरली.

टपाल खात्याचा नियम सुटसुटीत आहे. रिकामी रायफल किंवा शॉटगन सामान्य माणसाला कोणत्याही राज्यातील परवानाधारक उत्पादकाकडे वा विक्रेत्याकडे टपालाने पाठवता येते. मात्र बंदूक रिकामी आहे हे खोके उघडून दाखवा किंवा तसे लेखी द्या, असे कारकून म्हणू शकतो. काडतुसे टपालात अजिबात चालत नाहीत, एकसुद्धा नाही. पार्सलाला ट्रॅकिंग हवे आणि पोहोचताना सही घेतली गेली पाहिजे. बाहेरून आत बंदूक असल्याची खूण दिसता कामा नये, म्हणून उत्पादकाचे मूळ खोके वापरायचे नाही, आणि कंपनीच्या नावातच ‘आर्म्स’ असेल तर आद्याक्षरे लिहून पुढे ‘सेवा विभाग’ एवढेच घालावे.

प्रायॉरिटी मेल या टपालाच्या जलद सेवेवर साधा विमा घेऊनही काम भागले असते. तरी मी रजिस्टर्ड मेल घेतले, कारण त्यात पार्सल ज्या ज्या हातातून जाते त्या प्रत्येक हाताची नोंद होते, आणि विम्याची मर्यादा ५०,००० डॉलरपर्यंत आहे. माझ्या बंदुकीची किंमत अर्थातच त्याच्या जवळपासही नाही. हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने १९५८ मध्ये होप हा जगप्रसिद्ध निळा हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला याच सेवेने, साध्या तपकिरी कागदात गुंडाळून पाठवला होता. टपालहंशील २.४४ डॉलर आणि विम्यासह एकूण १४५.२९ डॉलर. हे आठवले आणि मनातली उरलीसुरली शंका गेली.

बांधणी मात्र परीक्षा पाहते. बंदूक खोलली की नळ्या, पुढची मूठ, आणि दस्त्यासह यंत्रणा असे तीन भाग होतात, तरी तीस इंची नळ्यांसाठी खोके छत्तीस इंचांचेच लागले. बावीस इंचांपेक्षा लांब पार्सलाला टपाल खाते जादा आकार लावते आणि तीस इंचांवर तो आणखी वाढतो, हे आधीच हिशेबात धरावे. प्रत्येक भाग वेगळा गुंडाळला, दोन खोकी एकात एक घातली, आणि तक्रार, बंदुकीचा अनुक्रमांक व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आतल्या खोक्यात ठेवली. मग सवयीने साऱ्या कडांवर चकचकीत प्लॅस्टिकची टेप मारली, आणि तिथेच फसलो. रजिस्टर्ड मेलच्या शिवणींवर टपालाचे शिक्के उठतात. शाई कागदात मुरायला हवी, म्हणून प्लॅस्टिक टेप चालतच नाही. घरी परतून सारी टेप सोलली, पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी पट्टी आणली आणि ओल्या स्पंजने संध्याकाळभर ती लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी खोके उलटसुलट करून प्रत्येक जोडावर गोल तारखेचा शिक्का मारला, अर्धा पट्टीवर, अर्धा पुठ्ठ्यावर. ते पाहताना लहानपणी वडिलांबरोबर पोस्टात पाहिलेले लाखेचे मोहोर उठवणे आठवले. भारतात डाक खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन करून टाकले, इथले टपाल खाते मात्र ती पद्धत राखून आहे. सगळा मिळून खर्च शंभर डॉलरच्या आत बसला.

उणे म्हणावे असे एकच, पण ते मोठे आहे: ही सेवा संथ आहे. पार्सल कुलूपबंद राहते, सह्या होत होत पुढे सरकते, आणि ट्रॅकिंगवर चार-चार दिवस एक ओळही हलत नाही. माझे पार्सल पोहोचायला अकरा दिवस लागले, त्यातील सहाव्या दिवशी मी उगाचच टपाल कचेरीत जाऊन विचारपूस केली. स्पर्धा तोंडावर असेल त्याने विमा, ट्रॅकिंग आणि सही घेऊन प्रायॉरिटी मेलच निवडावे. ज्याला घाई नाही आणि ज्याची बंदूक पुन्हा सहज मिळण्यासारखी नाही, त्याला मी निःशंकपणे रजिस्टर्ड मेल सुचवीन.

परतीचा प्रवास कारखान्याने आपल्या खात्यावरून खाजगी कुरिअरने केला. त्या पार्सलाला एकवीस वर्षांवरील व्यक्तीची सही लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी दारावर फक्त चिठ्ठी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर रजा टाकून घरी थांबलो. चालकाने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि तरीही ओळखपत्र मागितले.