लहान मुलानेच लहान मूल मारलं तर? इंग्लंड आणि नॉर्वे

1993 मध्ये लिव्हरपूलजवळ 10 वर्षांच्या दोन पोरांनी 2 वर्षांच्या बाळाला शॉपिंग सेंटरमधून नेऊन मारलं. पुढच्याच वर्षी नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला 5 वर्षांची मुलगी गेली, मारणारी मुलं 6 वर्षांची. दोन देश एकदम वेगळे वागले.

इंग्लंडमध्ये गुन्ह्याचं वय (ज्या वयापासून मुलावर खटला चालवता येतो ते) 10, म्हणून थेट मोठ्यांच्या कोर्टात केस, पोरांना नीट दिसावं म्हणून पिंजऱ्याची फळी उंच केलेली (हे वाचून मला कसंतरीच झालं). जज म्हणाले किमान 8 वर्षं आत ठेवा, वरचे जज म्हणाले 10, मग शिक्षा वाढवा म्हणून लोकांच्या सह्या आल्या आणि गृहमंत्र्याने 15 केली, म्हणजे शिक्षा कोर्टाने नाही तर पुढाऱ्याने ठरवली! ती नंतर रद्द झाली, 1999 ला युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने खटलाच न्याय्य नव्हता म्हटलं, आणि 2001 ला दोघं नवीन नावाने बाहेर आले. त्यातला एक पुढे परत जेलमध्ये गेला.

नॉर्वेत वय 15, त्यामुळे केसच नाही. नावं छापली नाहीत, मुलांना परत इतर मुलांमध्ये बसवलं, मदत दिली.

आता 6 आणि 10 मध्ये फरक आहे, सरळ तुलना होत नाही हे मान्य. पण 10 वर्षांच्या मुलाला खटला समजतच नसेल तर त्याला तिथे उभं करू नये असं मला ठाम वाटतं. बंद ठेवा, वर्षानुवर्षं उपचार करा, पण मुदत कोर्टानेच ठरवावी. आणि त्या बाळाच्या आईला प्रत्येक टप्प्यावर आधी कळवा, बातम्यांमधून नको.