नोटबुकएलएम : सेमिस्टरच्या अभ्यासाला कितपत उपयोगी?

चॅटजीपीटीला प्रश्न विचारला की उत्तर लगेच येतं, पण ते आपल्या सिलॅबसमधलं असेलच असं नाही. गूगलचं नोटबुकएलएम हे एआय साधन इथे वेगळं ठरतं. तुम्ही दिलेल्या पीडीएफ, लिंका आणि नोट्स यांच्या आधारे ते उत्तर देतं आणि मजकूर कुठून घेतला त्याचा आकडा वाक्याच्या शेवटी लावतं. आकड्यावर टिचकी मारली की मूळ उतारा समोर येतो. मोफत खात्यात एका नोटबुकमध्ये 50 सोर्स (दिलेली प्रत्येक फाइल किंवा लिंक हा एक सोर्स), दिवसाला 50 प्रश्न आणि सोर्सवरच्या गप्पांचे 3 ऑडिओ मिळतात. पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरभर एवढं पुरतं. बाकी सगळं तुम्ही आत काय टाकता यावर. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रत्येक विषयाला वेगळं नोटबुक करा. सगळं सेमिस्टर एकाच ठिकाणी कोंबलं तर ‘एफिशियन्सी’ विचारल्यावर थर्मोडायनॅमिक्सची आणि मशीन्सची अशी दोन्ही सरमिसळ होऊन येते. टेक्स्टबुक अख्खं न चढवता प्रकरणवार तोडून चढवा, कारण प्रत्येक सोर्सपुढे टिकमार्क असतो आणि नको ते बंद ठेवता येतात. पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये इंजिनिअरिंगच्या इन-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, पहिली दोन युनिटं 30 मार्कांना आणि एंड-सेमला पुढची चार 70 मार्कांना असतात. इन-सेमच्या आठवड्यात पहिल्या दोन युनिटांवरच टिक ठेवली की उत्तरं भरकटत नाहीत. सिलॅबसची प्रत आणि जुन्या प्रश्नपत्रिका स्वतंत्र सोर्स म्हणून हव्यातच.

खरी गोची होते ती पीडीएफमध्ये. चढवण्याआधी फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळ निवडताच येत नसेल तर ते नुसतं स्कॅन आहे. कला शाखेच्या मुलांसाठी तर ही चाचणी सक्तीचीच समजा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटांत बनवलेली मराठी पीडीएफ पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. पेस्ट केल्यावर ‘महाराष्ट्र’ऐवजी भलतंच काहीतरी उमटतं. अशी फाइल तशीच चढवू नका. तिच्यावरून विचारलेल्या प्रश्नाला ‘सोर्समध्ये माहिती नाही’ असं उत्तर आलं तर नशीब, नाहीतर अंदाजपंचे. उपाय सोपा आहे. पानांच्या इमेज काढायच्या, गूगल ड्राइव्हवर टाकायच्या, राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडायच्या. छापील देवनागरी मजकूर म्हणून बऱ्यापैकी नीट उतरते. जोडाक्षरं आणि रफार मात्र एकदा नजरेखालून घालायला हवेत. हाताने लिहिलेल्या मराठी नोट्सवर भरवसा ठेवू नये.

यूट्यूबची लिंक दिली तर फक्त सबटायटलचा मजकूर घेतला जातो. एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या) लेक्चरमध्ये प्राध्यापक ‘हे इकडे नेलं की ते मिळतं’ असं म्हणत फळ्यावर समीकरण मांडतात. नोटबुकपर्यंत पोहोचतं ते फक्त ‘हे’ आणि ‘ते’. सिद्धता हवी असेल तर पुस्तकाचं पान द्या.

न्यूमेरिकलसाठी आमचा कौल स्पष्ट नकाराचा. कारण गणिताआधी तक्त्यात आहे. स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांचा तक्ता, पीडीएफमधून उचलताना रकाने सरकतात. 10 बारला संतृप्त द्रवाची एंट्रॉपी 2.14, बाष्पाची 6.58 आणि फरक 4.44 किलोज्यूल प्रति किलो केल्विन. ओल्या वाफेची एंट्रॉपी 5.9 असेल तर ड्रायनेस फ्रॅक्शन (वाफेतला बाष्पाचा वाटा) साधारण 0.85 यायला हवं. फरकाचा रकाना बाष्पाचा म्हणून वाचला गेला तर 1.63 येतं आणि चूक लगेच पकडता येते. द्रव आणि बाष्प यांचीच अदलाबदल झाली तर येतं 0.15. ते 0 आणि 1 च्या मध्येच बसत असल्याने कुणाला शंकाही येत नाही, आणि पुढची सगळी पायरी न् पायरी चुकते. तक्त्यातले आकडे पुस्तकातून स्वतः घ्या. चॅटबॉटकडून पद्धत तेवढी समजून घ्या.

तयार उत्तरं काढून घेणं हा या साधनाचा सगळ्यात वाया घालवलेला वापर. त्याला परीक्षक करा. सूचना अशी द्यावी : ‘युनिट 3 वर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या धर्तीवर 5 प्रश्न एकेक करून विचार. मी उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. कोणता मुद्दा राहिला आणि तो कोणत्या सोर्समध्ये आहे एवढंच सांग, पूर्ण उत्तर देऊ नकोस.’ शेवटचं वाक्य गाळलं तर ते आदर्श उत्तर लिहून मोकळं होतं आणि आपण माना डोलावत वाचत बसतो. 10 मार्कांच्या प्रश्नाला किती द्यायचे हे त्याला कळत नाही, उदार हाताने वाटतं. मुद्द्यागणिक मार्कांची विभागणी आधी लिहून दिली की हात आखडतो. क्विझची सोय आहे, पण ती बहुपर्यायी. 7 मार्कांचं थिअरीचं उत्तर लिहायची सवय तिच्याने लागणार नाही.

मराठी ऑडिओ ठीकठाक. सेटिंगमध्ये आउटपुटची भाषा मराठी केली की दोन आवाजांत गप्पा होतात. कर्जत लोकलमध्ये उजळणीला चालेल, पण ऐकताना संदर्भाचा आकडा दिसत नाही, त्यामुळे ओळख नसलेलं युनिट यावरून शिकू नये.

चॅटजीपीटीत जुलै 2025 मध्ये आलेला स्टडी मोड उलट प्रश्न विचारत शिकवतो आणि संकल्पना पहिल्यांदा समजून घ्यायला तो नोटबुकएलएमपेक्षा सरस आहे. तो बंद करायला मात्र एक क्लिक पुरतो, हीच त्याची गंमत. विधीच्या विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून निवाडे मागू नयेत. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड केला होता. निवाडा इंडियन कानून या निवाड्यांच्या वेबसाइटवर सापडत नसेल तर तो आहे असं धरून चालू नका.

पैसे भरून घ्यावं का? पदवीला गरज नाही. संशोधनात संदर्भ 50 च्या पुढे गेले की सशुल्क प्रो खात्यातली 300 सोर्सची मर्यादा आकर्षक वाटते. त्याआधी लहान लहान लेख जोडून एकच पीडीएफ करून पाहा. एका सोर्समध्ये 5 लाख शब्द मावतात. फक्त प्रत्येक लेखाच्या आधी लेखकाचं नाव आणि वर्ष असलेलं एक पान घाला, नाहीतर कोणतं मत कुणाचं हे नोटबुकलाही कळत नाही आणि तुम्हालाही.